मुक्तीनंतरची सात वर्षं

पणजीच्या फेरीधक्क्यावरून समोर बघितलं की बेती दिसते. मधे मांडवी आणि मांडवीत ठाण मांडून बसलेले कॅसिनो. स्कूटरवाले, कामावरून सुटलेल्या बायका आणि एखाद्या मासेवालीची पाटी घेऊन फेरीबोट बघता बघता पलीकडे लागते. ऑक्टोबर १९५५ मध्ये आझाद गोमंतक दल या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी या बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्यात मोहन रानडे जखमी होऊन पोर्तुगिजांच्या हाती सापडले.

रानडे सांगलीकडचे. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात आले ते नाव बदलून, मराठीचे मास्तर म्हणून, आणि शाळा सांभाळता सांभाळता सशस्त्र लढ्यात उतरले. खटला चालला आणि २६ वर्षांची शिक्षा झाली.

इथवरची गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकलेली. १८ जूनला क्रांतिदिन आणि १९ डिसेंबरला मुक्तिदिन. या दोन दिवशी कोणीतरी पाहुणा यायचा, भाषणात बेतीचा हल्ला यायचा आणि टाळ्या पडायच्या. उन्हात उभं राहून पाय दुखत, म्हणून आम्ही त्या टाळ्या अंमळ जोरातच वाजवायचो. मला मात्र हल्ली त्या हल्ल्यापेक्षा पुढची वर्षं जास्त छळतात.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. ४५१ वर्षांची सत्ता दोन दिवसांत आटोपली. रानडे त्या वेळी लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात होते. भारताच्या ताब्यात तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी म्हणून होते, ते १९६२ च्या मेपर्यंत आपापल्या घरी गेलेसुद्धा. रानडे आतच. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, वाड्यावाड्यांवर मराठी शाळा उघडल्या. रानडे आतच. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचा १९६७ चा जनमत कौल झाला, त्याची भांडणं झाली, भांडणं शिळी झाली, तरी रानडे आतच. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मुळी मान्यच केलं नव्हतं. ते त्यांनी मान्य केलं १९७४ च्या अखेरीला, त्यांची स्वतःची हुकूमशाही कोसळल्यावर. तोवर त्यांच्या दप्तरी हा माणूस शिक्षा भोगणारा गुन्हेगार होता, एवढंच.

म्हणजे ज्यासाठी तुरुंगात गेले ते काम फत्ते झालेलं, ज्यांच्यासाठी गेले ते मोकळे, आणि हे सात वर्षं बंद खोलीत. त्या काळात त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगायला जाणार नाही. असल्या ठिकाणी लेखकांना फार सुचतं. मला एवढंच कळतं की लढाई चालू असताना टिकून राहायला लढाईच बळ देते. ती संपून लोक आपापल्या संसाराला लागले की ते बळ कुठून आणायचं, याचं उत्तर मुक्तिदिनाच्या भाषणात नसतं.

बाहेर मात्र काही माणसं विसरली नव्हती. संगीतकार आणि गायक सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं खपले. दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात ते स्वतः उतरले होते, तेव्हा गाण्याबाहेरचं हे खटाटोपाचं अंग त्यांना नवं नव्हतं. १९६८ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले आणि पोप सहावे पॉल यांच्याकडे त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. द्रविड चळवळीत वाढलेला, देवाधर्माच्या कर्मकांडाशी उभा दावा असलेला एक तमिळ नेता रोमच्या धर्मगुरूला एका मराठी मास्तराबद्दल सांगतो, हे मला कादंबरीत वाचलं असतं तर पटलं नसतं. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ३ फेब्रुवारीला अण्णादुराई वारले.

२००१ मध्ये रानड्यांना पद्मश्री मिळाली आणि जून २०१९ मध्ये पुण्यात ते गेले. तेलो मास्कारेन्यस हे कवी तर त्यांच्याही मागून, १९७० मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर आले. त्यांचं नाव मराठी भाषणांत फारसं घेतलं जात नाही. ते कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये लिहीत म्हणून असेल. आपल्याकडे हुतात्म्यांचीही भाषावार वाटणी झालेली आहे.

असाच दुसरा न दिसणारा चिवटपणा रेडिओचा. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवायला घेतलं. कोकणी आणि पोर्तुगीजमधून बातम्या द्यायच्या, पोर्तुगिजांच्या प्रचाराला उत्तरं द्यायची. सहा वर्षं. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांनी जरा विचार करून पाहावा. चार दिवसांच्या पर्यटनात अंथरुणाला ओल येते आणि चपलेला बुरशी धरते, तिथे या दोघांनी यंत्रं कोरडी ठेवली. भोवती रान, साप आणि जळवा. समोर टाळ्या वाजवायला कोणी नाही. मायक्रोफोनमध्ये बोलायचं, आणि सरहद्दीपलीकडे कोणी दार लावून ऐकतंय का हे कळायला सोय नाही. मुक्तीच्या दिवशी त्या दोघांनी विमानातून गोव्यावर चकरा मारल्या आणि ध्वनिक्षेपकावरून बातमी खाली दिली. हा विमानाचा प्रसंग सगळ्यांना आवडतो. मला ओली यंत्रं पुसणारी ती सहा वर्षं जास्त मोलाची वाटतात. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर.

धाडस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. गोव्याच्या इतिहासात तशी माणसं आहेतच. अस्नोड्याचे बाळा मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत मेले, पण त्यांनी साथीदारांची नावं सांगितली नाहीत. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे. पण मला वारंवार आठवतो तो एक जेवणाचा प्रसंग. फेब्रुवारी १९५४, म्हापसा. शहरातली प्रतिष्ठित मंडळी मेजवानीला जमलेली, त्यात डॉक्टर पुंडलिक गायतोंडे. हे नाणावलेले शल्यविशारद, पोर्तुगालमध्ये शिकलेले, आणि पत्नी एदिला तर जन्माने पोर्तुगीज, अझोर बेटांवरच्या. कोणीतरी भाषणाला उठलं आणि गोवा म्हणजे पोर्तुगालच असा सूर लावला. डॉक्टरांनी तिथल्या तिथे तोंडावर निषेध केला. बस्स, एवढंच. पुढे त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला धाडण्यात आलं.

शत्रूपुढे उभं राहणं अवघड खरंच. पण जिथे सगळे ओळखीचे आहेत, यजमान स्नेही आहे, वाढपी ताट पुढे करतोय आणि गप्प बसलं तर कोणीही काही म्हणणार नाही, तिथे तोंड उघडणं मला त्याहून कठीण वाटतं. ‘जेवणात कशाला हा विषय?’ या एका वाक्याने जगातली किती धाडसं गिळली असतील!

गोव्यात तर हे फारच खरं. हे राज्य केवढंसं! सकाळी ज्याच्याविरुद्ध अर्ज केला तो संध्याकाळी तिंतोवर, म्हणजे बाजारात, बांगडे निवडताना शेजारी उभा असतो. त्याच्या मेहुण्याच्या दुकानात आपलं उधारीचं खातं असतं. जत्रेला पालखीचा एक दांडा त्याच्या खांद्यावर आणि एक आपल्या. पोर्तुगिजांना ‘चालते व्हा’ म्हणता आलं, शेजाऱ्याला ते कसं म्हणणार? म्हणून आपल्याकडे बहुतेक वाद सोप्यावर बसून, आवाज खाली आणून, नाव न घेता चालतात. त्यात एक शहाणपणही आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त त्या शहाणपणाची किंमत डोंगर, शेतं आणि खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, मोजत असतात.

आदर्शासाठी उभं राहणं म्हटलं की जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. हरलेल्यांचं काय? गोव्यातल्या मराठी माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आमच्या घरांतला मोठा आदर्श मतपेटीत हरला. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणाऱ्यांची खूण फूल, आणि वेगळा राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. आमच्या घरात फूल होतं, आतेच्या सासरी दोन पानं. त्या वर्षी चतुर्थीला आते माहेरी आली नाही, ही घरातली आख्यायिका मी लहानपणापासून ऐकत आलो. निकाल लागला. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. हा शेवटचा आकडा वडिलांना मरेपर्यंत तोंडपाठ होता.

पण वडील ‘हरलो’ म्हणत, ‘फसवलं’ कधी म्हणाले नाहीत. याचं श्रेय मी थोडं भाऊसाहेब बांदोडकरांना देतो. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. विलीनीकरणाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता खुर्चीवरून उतरून लोकांपुढे गेला, हरला, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी त्याला पुन्हा मुख्यमंत्री केलं. गोंयकारांनी त्याचं म्हणणं नाकारलं, माणूस ठेवून घेतला. मला स्वतःला आज विचाराल तर गोवा वेगळा राहिला हे बरं झालं. एवढासा प्रदेश मोठ्या राज्याचा एक तालुकावजा कोपरा होऊन बसला असता. वडिलांपुढे हे बोलायची टाप नव्हती. पण त्यांच्या निष्ठेबद्दलचा आदर माझ्या मतामुळे उणा होत नाही. हरल्यावर त्यांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मराठी शिकवली. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. वर्गातली पोरं इंग्रजी शाळांकडे गळत गेली तेव्हाही तेच.

या सगळ्यात एक काळा काळही आहे. १९८६ च्या डिसेंबरात कोकणी-मराठी भाषावादाने रस्त्यावर माणसांचे बळी घेतले. पुढच्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, कोकणीला राजभाषेचं स्थान मिळालं आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. त्या आंदोलनात दोन्हीकडे तत्त्वाचीच भाषा होती, आणि दोन्हीकडे काही माणसं मनापासून बोलत होती. तरी माझ्या मनात तेव्हापासून एक खूणगाठ बसलीय. कोणी तत्त्वाच्या गोष्टी सांगू लागला की मी बघतो, याचं बिल कोण भरतंय? रानड्यांनी स्वतः भरलं. बांदोडकरांनी खुर्ची डावावर लावली. ज्यांची स्वतःची पोरं घरात अभ्यासाला बसलेली आणि दुसऱ्यांची दगड घेऊन नाक्यावर, त्यांच्या बाणेदारपणाकडे मी तेव्हाही संशयाने बघायचो आणि आजही बघतो. ही कसोटी अगदी बिनचूक आहे असं नाही. स्वतः किंमत मोजणारा माणूसही ठार चुकीचा असू शकतो. पण निदान त्याच्याशी वाद घालावासा वाटतो.

फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता. ड्यूपॉन्ट आणि थापर यांचा. तेव्हा आमच्याकडच्या शहाण्या लोकांचं मत होतं की एवढी मोठी अमेरिकन कंपनी, सरकार पाठीशी, आता काही होत नाही, नोकऱ्या कशा मिळतील ते बघा. गावकऱ्यांचं गणित साधं होतं. हे पठार जांभ्याचं. पावसाळ्यात ते पाणी पितं आणि वर्षभर खालच्या झरींतून थोडं थोडं सोडतं, त्यावर सुपारीची कुळागरं जगतात. वर रसायन सांडलं तर ते खाली कोणाच्या विहिरीत उतरणार हे सांगायला तज्ज्ञ नको. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. कारखाना तमिळनाडूत गुम्मिडीपूंडीला उभा राहिला. भूतखांबचं पठार राहिलं. पुढे २००७ च्या सुरुवातीला जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा सरकारला रद्द करावा लागला, आणि जानेवारी २०२१ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी आपल्या काजूच्या बागांमध्ये आयआयटी येऊ दिली नाही. तिथे बायका पुढे होत्या. यातला प्रत्येक लढा सुरू झाला तेव्हा ‘आता काही होत नाही’ म्हणणारे बहुमतात होते, हे मी लक्षात ठेवून आहे.

आमच्या गावात तसं काही ऐतिहासिक चाललेलं नाही. एक डोंगर कापायचा चाललाय, तेवढंच. वर बंगले, खाली आमची झर. आणि गावात एक निवृत्त मास्तर आहेत, माझ्या वडिलांच्याही नंतरचे, पंचाहत्तरीला टेकलेले. त्यांची खाकी कापडी पिशवी गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यात जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, माहितीच्या अधिकारात आलेली उत्तरं, एक भिंग, इन्शुलिनची डबी आणि खडीसाखर. अर्ज मराठीत लिहितात, सुवाच्य, समासासह, पूर्णविरामाला पूर्णविराम. उत्तर येतं इंग्रजीतून. मग प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत बसतात. कचेरीतल्या कारकुनाने नकार दिला तरी उठताना ‘देव बरें करूं’ म्हणायला विसरत नाहीत, आणि त्यात टोमणा नसतो. कारकुनाला हेच सर्वांत जड जात असावं.

ग्रामसभेत ते उठले की मागच्या खुर्च्या हलायला लागतात. कोणी चहाला बाहेर जातो, कोणाला फोन येतो. सभा संपल्यावर तीच माणसं बाहेर गाठून हळूच सांगतात, मास्तर, बरें उलयले. त्यांच्या मुलाच्या घरदुरुस्तीचा परवाना वर्षभर अडकला. गेल्या सप्ताहात भजनाला बसताना त्यांच्या शेजारची जागा बराच वेळ मोकळी राहिली, ती मी स्वतः बघितली. मास्तर टाळ घेऊन बसले आणि नेहमीच्याच पट्टीत गायले.

मागच्या सभेत त्यांनी डोंगराच्या परवानगीबद्दल विचारलं. उत्तर आलं, ‘चौकशी चालू आहे.’ हेच उत्तर त्याआधीच्या सभेत आलं होतं. मास्तर खाली बसेनात. म्हणाले, माझा प्रश्न इतिवृत्तात कसा लिहिलात तो वाचून दाखवा. सचिवाने वाचला. त्यात डोंगर नव्हता, ‘विकासकामांबाबत चर्चा झाली’ असं काहीतरी होतं. मास्तरांनी ते वाक्य खोडायला लावलं आणि स्वतः शब्द सांगितले, सर्वे नंबरासकट, शुद्धलेखनासकट. ‘झरीतला झ दीर्घ नसतो, र दीर्घ असतो’ हेही ऐकवलं. सभेत हशा झाला. पण वाक्य लिहिलं गेलं आणि त्याखाली सह्या झाल्या.

बाहेर आल्यावर एका पंचाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस आहे, वाईट हेतूने बोलला नसेल. ‘मास्तर, आतां पुरो न्हय?’

मास्तर म्हणाले, ‘तूं पुरो म्हणटा. झरीन म्हणूंक जाय न्हय?’ झरीनेही म्हणायला हवं ना, असं.

पुढची सभा जवळ आलीय. या खेपेला आम्ही काही जण त्यांच्यासोबत बसणार आहोत. येतो म्हणणारे बरेच, त्यातले खरे किती ते रविवारी कळेल. ध्वनिक्षेपक नेमका मास्तरांच्या पाळीला बिघडतो, म्हणून आतेभावाने भजनी मंडळाचा बॅटरीवाला स्पीकर मागून ठेवलाय. आतेभाऊ म्हणजे दोन पानांच्या घरातला. माझ्याकडे नकाशाचं काम आलं आहे. ए-फोर कागदावर सर्वे नंबर वाचता येत नाहीत असं मास्तरांचं म्हणणं, तेव्हा फोंड्याला जाऊन मोठ्या कागदावर प्रती काढायच्या, त्याही शनिवारी दुपारच्या आत, कारण मग दुकान बंद होतं.